गडग्यातला सोयरा

एका डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या जाळ्यांच्या आडोशाला, एक वानर राहत असे. वानर म्हटलं की तुम्हाला फांदीवरून उड्या मारणारा आणि लोकांचे पेरू पळवणारा आठवणार. हा तसला नव्हता. हा गवंडी होता. हो, गवंडी! हसू नका, पुढे ऐका.

त्या उतारावर खालच्या अंगाला ससे, साळिंदरं, घोरपडी अशा सगळ्यांची बिळं होती. वरचा डोंगर मात्र भुसभुशीत मातीचा. पावसाळा आला की ती माती घसरत खाली यायची आणि थेट बिळांच्या तोंडाशी बसायची. म्हणून बिळांच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वस्तीने एक गडगा घातला होता. गडगा म्हणजे नुसत्या दगडांची भिंत. चुना नाही, चिखल नाही. डोंगराच्या बाजूला दगडांची एक रांग, वस्तीच्या बाजूला दुसरी रांग आणि मधल्या पोकळीत बारीक खडे-कपच्या. हा गडगा रचायचं काम आमच्या वानराचं. त्याच्या हाताला अशी काही सफाई होती की भिंतीचं तोंड बघत राहावं. दगडाला दगड असा भिडवायचा की मुंगीला पाय रोवायला जागा नाही.

आता एवढी देखणी भिंत, पण दर पावसाळ्यात तिला कुठेतरी पोट सुटायचं. जेवून उठलेल्या पाहुण्यासारखी ती मधेच फुगायची आणि एक दिवस धडधडत खाली बसायची. मग वानर ती पुन्हा रचायचा. "गडगा म्हटला की पोट सुटायचंच," असं तो शेपटी झटकून सांगायचा, आणि सगळे माना डोलवायचे. गडगा रचून झाला की वस्तीतल्या फणसाचं पहिलं फळ फोडत आणि त्यातला पहिला गरा गडगा रचणाऱ्याला देत. अशी तिथली रीतच होती. दरसाल गडगा पडायचा, दरसाल वानर तो रचायचा आणि दरसाल गरा खायचा. तो का पडतो, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. वानराला तर मुळीच सुचलं नाही.

एका वर्षी घाटापलीकडून एक अस्वलीण आली. अंगाने जाडजूड, बोलायला कमी, स्वतःशीच पुटपुटायची सवय. मधाच्या नादाने आली आणि राहिली. गडग्याला एक भगदाड पडलेलं तिने पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. तिने आपले ओढ्यातले दगड उचलून आणले आणि ते भगदाड बुजवलं. दिसायला अगदीच ओबडधोबड. मधूनमधून दगडांची टोकं भिंतीबाहेर डोकावत होती. वानर ते बघून पोट धरधरून हसला. "ही भिंत आहे की साळिंदराची पाठ?" असं त्याने चारचौघांत विचारलंसुद्धा.

पावसाळा आला आणि गेला. वानराचा गडगा नेहमीसारखा जागोजागी बसला. अस्वलिणीचा तुकडा मात्र होता तसाच, तसूभरही न हलता उभा.

वस्तीत सगळ्यांत वडीलधारी होती ती घोरपडआजी. पुढचा पावसाळा जवळ आला तेव्हा तिने सगळ्यांना जमवलं आणि ती म्हणाली, "यंदा गडगा दोघांनी मिळून रचायचा. ओढ्याकडचा अर्धा अस्वलिणीने, चिंचेकडचा अर्धा वानराने. पाऊस तोंडावर आलाय, बिळं वाचली पाहिजेत. कोणी रचला याला महत्त्व नाही."

कोणी रचला याला महत्त्व नाही! हे वाक्य वानराच्या काळजात काट्यासारखं रुतलं. घरी आला तो धुसफुसतच. बायकोने पुढ्यात कोवळा पाला ठेवला, त्याने तो पायाने सारला.

"काय बिनसलं?" वानरीण म्हणाली.

"काल आलेली बया! दगडाचं तोंड कुठलं नि बूड कुठलं ते कळत नाही तिला, आणि माझ्या बरोबरीने उभी करतात!"

"मग तिची भिंत पडत कशी नाही? जाऊन विचारा की तिला एकदा."

"मी? तिला विचारू?" वानर असा काही ओरडला की शेजारच्या झाडावरची पाखरं उडाली.

बाळांनो, विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मत्सराचं असं असतं, तो विचारू देत नाही. वानराला आता अस्वलिणीचं सगळंच खुपायला लागलं. तिचं चालणं खुपे, तिचं पुटपुटणं खुपे. सशीण तिला पाण्याचा द्रोण नेऊन देई, तेही खुपे. काम करता करता त्याची नजर सारखी ओढ्याकडे. आपल्या भिंतीवरचा दगड तिरपा बसला तरी त्याला कळत नसे, पण अस्वलिणीची भिंत किती वर आली ते त्याला न बघताही कळे.

एके दिवशी दुपारी तो तिच्या अर्धवट भिंतीच्या आड जाऊन बसला. पलीकडे अस्वलीण काम करत होती. ती दिसत नव्हती, पण तिचं पुटपुटणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"आता इथे माझा सोयरा बसला पाहिजे," अस्वलीण म्हणत होती. "वरचं घर आणि खालचं घर, दोन्ही त्याच्या ताब्यात. हां, अस्सं! सोयरा एकदा आत शिरला की मग कोणाची टाप आहे हलवायची!"

वानराने कान टवकारले. सोयरा? वरचं घर आणि खालचं घर? वस्तीतही वरची बिळं आणि खालची बिळं होतीच की! म्हणजे या बाईचे सोयरेधायरे घाटापलीकडून येणार, सगळ्या बिळांत घुसणार आणि मग हलणार नाहीत? वानराला धक्का बसला. आणि खरं सांगू का, त्या धक्क्याखाली त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतके दिवस पोटात नुसतंच दुखत होतं, आता त्या दुखण्याला कारण सापडलं!

तो तडक टिटवीकडे गेला. टिटवीच्या कानात काही सांगणं म्हणजे डोंगरावर चढून दवंडी पिटणंच. "कोणाला सांगू नकोस हं," असं त्याने मुद्दाम बजावलं, त्यामुळे तर ती आणखीच जोरात ओरडत सुटली. संध्याकाळपर्यंत बिळाबिळातून एकच कुजबुज. टिटवीने एक सोयरा सांगितला होता, साळिंदराने चार केले, आणि सशिणीपर्यंत बातमी पोचेतो अस्वलांचा सबंध कळप घाट उतरू लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानर आणखी काही कानावर येतं का म्हणून पुन्हा गेला. या वेळी तो चिंचेच्या शेंड्यावर चढला. तिथून सगळं दिसत होतं. अस्वलिणीने ओढ्यातून आणलेल्या लांब लांब धोंड्यांची रास घातली होती. तिने त्यातला एक उचलला, छातीशी धरला आणि लाडाने म्हणाली, "ये रे माझ्या सोयऱ्या!" मग तो धोंडा तिने भिंतीवर आडवा घातला. त्याचं एक टोक डोंगराकडच्या रांगेत गेलं आणि दुसरं टोक वस्तीकडच्या रांगेत. दोन्ही रांगा त्याने एकमेकींना बांधून टाकल्या. "हे वरचं घर आणि हे खालचं घर," ती दोन्ही रांगांवर पंजा थोपटत म्हणाली. "सोयरीक झाली. आता भांडा बघू कसे भांडता ते!"

वानराने फांदीवरून वाकून बघितलं. तो गवंडी होता. त्याला एका क्षणात सगळं कळलं. सोयरा म्हणजे दगड! दोन घरांची सोयरीक जुळवणारा, आरपार जाणारा धोंडा. आपल्या भिंतीच्या दोन रांगा शेजारी शेजारी उभ्या असतात, पण एकमेकींना धरत नाहीत. म्हणून तर पोट सुटतं. इतक्या वर्षांत आपल्याला हे सुचलं नाही, आणि या पुटपुटणाऱ्या बाईला ते आधीपासूनच ठाऊक होतं.

अस्वलिणीचं कौतुक वाटायला हवं होतं, नाही का? वानरालाही क्षणभर वाटलं. पण क्षणभरच. हे वस्तीला कळलं तर? मग आजवर खाल्लेल्या एकेका गऱ्याचं काय? "दादा, दादा" म्हणणारी पोरं उद्या तिच्या मागे धावतील. खाली उतरून एक शब्द बोलला असता तरी अफवा तिथल्या तिथे मेली असती. तो बोलला नाही.

संध्याकाळी घोरपडआजीने अस्वलिणीला बोलावलं. सगळी वस्ती गोळा झाली होती. वानर मागे, एका दगडावर, पायातला काटा काढत बसल्यासारखं करत होता.

"अस्वलीणबाई, खरं सांगा," घोरपडआजी म्हणाली. "तुमचे सोयरे येणार आहेत म्हणे?"

"येणार कसले? मलाच आणावे लागतात," अस्वलीण म्हणाली. "सोयऱ्यांशिवाय भागतं का कुठे!"

"किती आणणार?"

"जितके मिळतील तितके बरे. चांगले लांब, दणकट बघून आणते. ओढ्यात कितीतरी पडलेत."

"अगं बाई!" सशीण किंचाळली. "ओढ्यापर्यंत आलेसुद्धा!"

"आणि बसवणार कुठे त्यांना?" घोरपडआजीने आवाज शक्य तेवढा शांत ठेवला.

"वरच्या घरातून खालच्या घरात. आडवे. डोकं या घरात, पाय त्या घरात."

"आणि आम्ही काय करायचं?"

"तुम्ही?" अस्वलिणीला प्रश्नच कळेना. "तुम्ही निवांत झोपा. एकदा ते बसले की तुम्हाला उठवायला कोणी येत नाही!"

मग काय विचारता! एकच गलका उडाला. साळिंदरांनी काटे फुलवले. टिटवी तर आभाळात फिरून फिरून ओरडायला लागली, "मी सांगितलं नव्हतं? मी सांगितलं नव्हतं?" सशिणीने पोरांना पोटाशी धरलं. आणि या सगळ्या गोंधळात एकटा वानर असा होता, ज्याला दोन्ही बाजूंचं बोलणं नीट कळत होतं. घोरपडआजीने त्याच्याकडे पाहिलं. "तू गवंडी आहेस. तुला काय वाटतं?"

वानराने काटा काढायचं सोडलं. मग खाली बघत म्हणाला, "मी काय सांगणार? माझ्या कामात आजवर एकही सोयरा आलेला नाही, एवढं मात्र खरं."

आणि हे खरं होतं, बघा! खोटं न बोलताही केवढं खोटं बोलता येतं.

"ऐकलंत?" घोरपडआजी म्हणाली. "आमच्याकडे सोयरे चालणार नाहीत. एकही नाही."

अस्वलिणीचा चेहरा पडला. तिला वाटलं, या लोकांना आपलं कामच पसंत नाही. "एकही नको?" तिने हळूच विचारलं. "मग मी तरी इथे कशाला राहू? सोयऱ्याशिवायचं काम माझ्या हातून व्हायचं नाही. मला लाज वाटेल तसलं काम करायला." एवढं बोलून ती वळली आणि घाटाच्या वाटेला लागली. कोणी तिला थांबवलं नाही. सशीण मात्र रिकामा द्रोण हातात धरून जरा वेळ त्या वाटेकडे बघत उभी राहिली.

आता सगळा गडगा वानराचा. त्याने सगळ्यांत आधी कशाला हात घातला असेल? अस्वलिणीच्या भिंतीच्या उघड्या टोकाला. तिथे आरपार गेलेले धोंडे दिसत होते. त्याने भराभर दगड लावून ते टोक झाकून टाकलं. मग तिच्या भिंतीबाहेर डोकावणारे धोंडे उपसायला बघितलं, पण एकही हलेना. चिडून त्याने दोन लाथा घातल्या आणि स्वतःचाच अंगठा दुखावून घेतला.

उरली ती रास. ओढ्यातल्या लांब धोंड्यांची. तेवढे धोंडे वाहून आणायची ताकद अस्वलीण सोडली तर त्या डोंगरावर कोणाच्याच अंगात नव्हती. ओढ्यात अजून पडले होते, पण ते तिथून हलवणार कोण? वानराने त्या राशीभोवती फेऱ्या मारल्या. ते धोंडे भिंतीत घातले तर भिंत टिकेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण घालताना कोणी विचारलं, "दादा, हे काय?" तर काय सांगायचं? अस्वलिणीची रीत आहे म्हणून? छे! त्यापेक्षा जीव गेलेला बरा. त्याने एक कठीण गोटा उचलला आणि पहिल्या धोंड्याच्या बरोबर मध्यावर हाणला. धोंडा दुभंगला. एका लांब दगडाचे दोन छान दगड झाले, एक वरच्या रांगेला, एक खालच्या रांगेला. मग दुसरा फोडला. मग तिसरा. शेवटी शेवटी तर त्याला फोडण्यातच गोडी वाटायला लागली. प्रत्येक घावाला त्याच्या तोंडून आपोआप निघे, "घे! घे!"

भिंत झाली. अशी सुरेख झाली की विचारू नका. सगळ्यांनी वाहवा केली, फणस फुटला, पहिला गरा वानराला मिळाला. त्याने तो अस्वलिणीच्या भिंतीकडे पाठ करून खाल्ला. गोड होता का? त्यालाच ठाऊक. बायकोने विचारलं तर "नेहमीसारखाच" म्हणाला.

पावसाला थोडेच दिवस उरले होते. आभाळ भरून यायला लागलं होतं. अशातच एका सकाळी वरच्या रानातून एक गवा आला. हे एवढं धूड! त्याची पाठ खाजत होती. तो ओढ्याच्या बाजूने आला आणि अस्वलिणीच्या भिंतीला अंग लावून घसाघसा घासायला लागला. आतले खडे खळखळले, पण भिंत जागची हलली नाही. गव्याला बरं वाटलं. घासत घासत तो पुढे सरकला. चिंचेकडच्या भिंतीशी आला आणि तिथे त्याने आपला सगळा भार टाकला.

वानर चिंचेवरच होता. त्याने डोळ्यांनी बघितलं, भिंतीला पोट सुटलं. वस्तीकडची रांग एकटीच पुढे आली, डोंगराकडची रांग एकटीच मागे राहिली, मधले खडे भळाभळा सांडले आणि उसवलेल्या शिवणीसारखी ती देखणी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटत गेली. "अगागा!" गवा दचकून म्हणाला. "मी नुसती पाठ खाजवली!" आणि तो धूम पळाला.

दगड थेट बिळांवर आले. सशिणीच्या बिळाचं तोंड बुजलं. पोरं आत होती. सशीण ओरडेना, रडेना, नुसती पुढच्या पायांनी उकरत सुटली. साळिंदरं आली, घोरपडी आल्या, वानर खाली उतरला आणि तोही उकरू लागला. त्याची बोटं सोलली, नखं तुटली. किती तरी वेळाने आतून एक इवलं नाक बाहेर आलं, मग दुसरं. सगळी पोरं वाचली, मातीने माखलेली, शिंकत शिंकत. 

पण खरं संकट पुढेच होतं. वरची भुसभुशीत माती आता उघडी पडली होती आणि पाऊस आज येतो की उद्या अशी स्थिती. गडगा पुन्हा उभा राहिला नाही, तर चिंचेखालची सगळी बिळं गाडली जाणार होती. घोरपडआजी ढिगाऱ्यावर चढली आणि अस्वलिणीच्या भिंतीपाशी जाऊन थबकली. तिच्या भिंतीचं झाकलेलं टोक आता उघडं पडलं होतं. या रांगेतून त्या रांगेत गेलेले लांब धोंडे एकावर एक स्वच्छ दिसत होते.

"डोकं या घरात," घोरपडआजी हळूहळू म्हणाली, "पाय त्या घरात..."

टिटवी उडत खाली आली आणि मान वाकडी करून ते टोक बघायला लागली.

"हाच की तो सोयरा!" सशीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारी दगडांविषयी सांगत होती. आणि आपण तिला हाकलून दिलं."

"रडायला नंतर बसा," घोरपडआजी म्हणाली. "तिने असल्या धोंड्यांची मोठी रास आणली होती. मी पाहिली होती. ती तर घाटापलीकडे गेली, पण ते असले तर आपणच कसंबसं रचू. वानरा, कुठे आहेत रे ते सोयरे?"

सगळ्यांनी वानराकडे पाहिलं. वानराने ढिगाऱ्याकडे पाहिलं.

"तोडले," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी तोडले. सगळे."

कोणी त्याला मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. घोरपडआजीने फक्त एकदा डोळे मिटले. मग नुसत्या तुकड्यांची घाईची भिंत पावसात टिकणार नाही हे ओळखून तिने सगळ्यांना निघायला सांगितलं. पोरं पाठीवर, पोटाशी घेऊन वस्ती उतार सोडून चालायला लागली. ज्या बिळात जन्मली त्या बिळाकडे वळून बघत सशीण शेवटी गेली. वानरीणही त्यांच्याबरोबर गेली. 

वानर एकटा ढिगाऱ्यात राहिला. त्याने शोधून शोधून एकाच धोंड्याचे दोन तुकडे काढले आणि एकमेकांना लावून बघितले. तुकडे अगदी बरोबर जुळले. कुठे तुटलंय ते दिसेनासुद्धा. मग त्याने हात काढला, आणि एक तुकडा या बाजूला पडला, एक त्या बाजूला.

तात्पर्य : दुसऱ्याचं बरं बघवलं नाही की आपण त्याचा आधार तोडायला जातो; पण तो आपल्याच घराचाही आधार होता, हे कळतं तेव्हा जोडायला काही उरलेलं नसतं.